सातने खाल्लं तेवढं

सात. ताप ४०.८. खाल्लं, १२० ग्रॅम.
अकरा. ताप नाही. द्यायचं, १२० ग्रॅम.

बोडिलने बादली काट्यावर ठेवली आणि खाद्याच्या चार गोळ्या परत काढल्या. अकरा नंबरचं डुक्कर गजांना नाक लावून उभं होतं. शेजारच्या खणात सात नंबर भिंतीकडे तोंड करून पडलेलं. अंगावर काटा, श्वास भराभर.

दोघांनाही पंधरा दिवस वाढीचं हार्मोन टोचलं होतं. सातला त्यावर रोज जंतूंचं विष. जंतू नाहीत, नुसतं विष. शरीराला तेवढ्याने वाटतं, आपण आजारी आहोत. मांस झडतं ते तापाने की उपासाने, आणि हार्मोन ते वाचवतं का? हे कळायचं तर धडधाकट अकराने, काल सातने खाल्लं तेवढंच आज खायचं.

"हा अकरा तुला शिव्या देतोय," बोडिल म्हणाली.

"मला?" सोल्वाय दारात वही घेऊन उभी होती. प्रबंध तिचा होता. "बादली तर तुझ्या हातात आहे."

"बादली माझी. आकडा तुझा."

"बरं. वजन घे त्याचं."

अकरा. आज, ४१.२ किलो.
अकरा. काल, ४१.२.
अकरा. परवा, ४१.१.

सोल्वायचं बोट आकड्यांवर थांबलं. "उपाशी डुक्कर घटतं. काटा बिघडलाय का?"

"काटा बरा आहे."

अकराच्या नाकपुडीला काळा चुरा चिकटला होता. सोल्वायने तो नखाने उचलला, वास घेतला. राय धान्याचा काळा पाव.

"लोणी लावलं नव्हतं," बोडिल म्हणाली.

"किती दिलास?"

"रोज एक. अख्खा. घरी संपत नाही."

सोल्वायने दाराकडे पाहिलं. दारावर नियमांचा कागद होता. अक्षर बोडिलचं. वीस वर्षं इथे येणाऱ्या प्रत्येकाला तिनेच तो वाचायला लावला होता.

"तो आजारी नाही गं," बोडिल म्हणाली. "त्याला नुसती भूक लागलीय. शेजारचा खात नाही म्हणून याने..."

"तुलनेसाठी आहे तो."

"त्याला ते कुणी सांगितलंय?"

सोल्वायने पेनाचं टोपण काढलं. "आता सोमवारी नवे दोन आणायचे. त्यांतल्या एकाला पुन्हा ताप आणायचा." तिने सातकडे मान वळवली. "आणि याचा ताप फुकट गेला."

बोडिलने आत्ता प्रथमच सातकडे नीट पाहिलं. पावाचा पहिला तुकडा मोडताना तिला फक्त अकरा दिसलं होतं.

जोडी. रद्द.

कपडे बदलायच्या खोलीत सोल्वायने डबा उघडला. बोडिल समोरच्या बाकावर बसली. तिने डबा आणला नव्हता.

"दोन महिन्यांत तू किती उतरलीस, ते कुणी लिहून ठेवलंय का?" सोल्वायने विचारलं.

"माझा पट्टा ठेवतो." बोडिलने कमरेच्या पट्ट्याचं नवं भोक दाखवलं. चाकूने पाडलेलं, वाकडं.

सोल्वायने पावाचा अर्धा तुकडा तिच्यापुढे धरला. "वर आपल्या डुकरांच्याच नातेवाइकांचं लिव्हर लावलंय. पण खा."

"केमोनंतर आयनरला स्वयंपाकाचा वाससुद्धा सोसत नाही. नवरा समोर नुसता बसलेला असताना एकटीने कसं जेवायचं?"

"इथे तो समोर नाहीये, बोडिल."

बोडिलने तुकडा घेतला. दुसऱ्या हाताने घरी फोन लावला.

"आयनर, काही खाल्लंस का?"

पलीकडून नुसतं "नाही" आलं. "बरं," ती म्हणाली. फोन खिशात गेला. मग तिने पाव सोल्वायच्या डब्यात परत ठेवला, झाकण लावलं, आणि ते चारी बाजूंनी घट्ट बसलंय ना, हे अंगठ्याने दाबून पाहिलं.