दारातली मिठी

पप्पा कामावरून आले की आठवीतली धाकटी दारातच त्यांना मिठी मारायची. "ताई, चहा टाक," असं ती ओरडली, की स्वयंपाकघरातली थोरली निवांत गॅस पेटवायची. "ताई, पाणी आण," म्हणजे दारूचा वास. मग थोरली आईला मागच्या दाराने शेजारी पाठवायची.

व्यसनमुक्ती केंद्रातून आल्यापासून पप्पा दारूला शिवले नव्हते. "आता हुंगणं पुरे," थोरली म्हणाली, आणि मिठ्या थांबल्या.

आज चपला काढताना पप्पा घुटमळले. "पीत होतो तेव्हा रोज मिठी मारायचीस गं. आता सोडली, तर जवळसुद्धा येत नाहीस?"

थोरलीने मान खाली घातली. धाकटी पुढे झाली. या वेळी श्वास रोखून तिने पप्पांना घट्ट मिठी मारली.