रोजच्या गाडीचा कॅम

"बडा वाला ही डालो, उस्ताद. फुल पॉवर," आत्माराम म्हणाले.

शारजाच्या इंडस्ट्रियल एरियातल्या त्या गॅरेजात याकूब उस्तादने चहाचा पेला खाली ठेवला आणि त्यांच्याकडे नीट पाहून घेतलं. हेच सेठ गेल्या वर्षी याच दारात उभे राहून ओरडले होते, की माझ्या पिकअपला कोणी हात लावायचा नाही, रोज दोनशे माणसांचं जेवण जातं त्यातून. आज स्वतःच मुलाला घेऊन आले होते आणि इंजिनातला कॅमशाफ्ट, म्हणजे झडपा उघडणारा दांडा, बदला म्हणत होते. उस्तादला वाटलं, सेठना ऊन बाधलं.

ऊन बाधलं नव्हतं. कॅनडातल्या कॅलगरीच्या एका कंपनीने सिद्धार्थला नोकरी देऊ केली होती आणि रविवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. चोवीस वर्षांचा पोरगा, इथेच जन्मलेला, इथेच वाढलेला. घरात त्या विषयावर कोणी बोलत नव्हतं. या पिकअपचं इंजिन जोरदार बनवून घ्यायचं, असं तो सोळाव्या वर्षापासून म्हणत आला होता आणि आत्माराम तेव्हापासून नाही म्हणत आले होते. आज सकाळी चहा पिता पिता ते एकदम म्हणाले, "यल्ला, चल. तुझा तो कॅम बसवून टाकू." पोरगा राहिला पाहिजे, मग गाडी खड्ड्यात गेली तरी बेहत्तर. बुडत्याला काडीचा आधार असतो, आत्मारामांना कॅमशाफ्टचा होता.

उस्तादने दाखवायला म्हणून दोन कॅम टेबलावर मांडले. आत्मारामांना दोन्ही सारखेच दिसले. जागोजागी फुगलेली लोखंडी लाटणी.

"ये बडा वाला," उस्ताद म्हणाला. "आवाज ऐसी के सिग्नल पे लोग मुड के देखेंगे. लेकिन गाडी खडे खडे काँपेगी. और इसके साथ टॉर्क कन्वर्टर भी बदलना पडेगा."

कन्वर्टर म्हणजे इंजिनाचा जोर गिअरबॉक्सकडे पोचवणारा भाग, एवढं त्याने हाताने गोल करून समजावलं. मोठ्या कॅमला वेगळा कन्वर्टर लागतो. तो घातला की इंजिन चांगलं गुरगुरेपर्यंत गाडी जोर धरत नाही, आणि जुलैच्या ट्रॅफिकमध्ये गिअरचं तेल उकळायला लागतं. लहान कॅमला ही कटकट नाही. आहे तोच कन्वर्टर चालतो, एसी लावून तासभर सिग्नलला उभे राहिलात तरी गाडी शांत.

"काँपने दो," आत्माराम म्हणाले.

"और पीछे आपका सालन?"

"डब्बा टाइट बंद करेंगे."

उस्ताद हसला. आत्मारामांनी मुलाकडे पाहिलं. तो हसेल, निदान डोळे तरी चमकतील, अशी त्यांना फार आशा होती. सिद्धार्थ लहान कॅम हातात घेऊन त्यावरून अंगठा फिरवत होता.

"एक बात बताओ सेठ," उस्तादने विचारलं. हा प्रश्न तो प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारायचा आणि त्याच्या उत्तरावरच कॅम ठरवायचा. "गाडी रोज कौन चलाएगा?"

"ये चलाएगा. आज से गाडी इसी की है."

"छोटा वाला, उस्ताद," सिद्धार्थ म्हणाला. "कन्वर्टर मत छेडो. Keep it stock."

"अरे, पण तुला तर तो आवाज..."

"बाबा, listen. इंटरनॅशनल सिटी ते जबल अली, रोज दोन फेऱ्या. त्या थरथरीने तुमची कंबर राहील का? आणि ऑइल तापून गाडी भर उन्हात बंद पडली, तर तुम्ही एकटे काय करणार?"

एकटे. आत्माराम खुर्चीत बसले. शेजारच्या शेडमध्ये कोणीतरी पत्रा ठोकत होतं.

"कळवलंस?"

"मंगळवारी. हो म्हणून." सिद्धार्थची नजर वर येत नव्हती. "सांगणारच होतो. How do I even... तुम्ही आज सकाळी एवढे खूश होता."

"आईला माहीत आहे?"

"हो."

म्हणजे घरात माहीत नसलेले तेच एक उरले होते. आपण चार दिवस वेड्यासारखे मनातल्या मनात बेत करत होतो याची त्यांना लाज वाटली, आणि लाजेपेक्षाही आत काहीतरी फार दुखलं. पोराचा राग मात्र आला नाही. त्याने कंबरेचा विचार केला होता.

"निघणार कधी?"

"आधी गाडीचं करतो ना. कॅम बसला की आठवडाभर मी स्वतः चालवून बघतो. सगळं ओके झालं की मगच तिकीट. तुम्हाला अर्धवट काम देऊन जाणार नाही, promise."

"तो छोटा फायनल?" उस्तादने विचारलं. सिद्धार्थने मान हलवली. "माल इधर ही पडा है. परसों शाम तक गाडी ले जाना." तो स्टुलावर चढला आणि वरच्या फळीवरून एक लांबट खोका ओढू लागला.

"रहने दो, उस्ताद," आत्माराम उठून म्हणाले. "ये वाला नहीं."

उस्तादने वरूनच मागे वळून पाहिलं. "फिर कौन सा, सेठ? बडा?"

"छोटा ही. लेकिन बाहर से मँगाओ. जो सबसे देर से आता है, वो."