चार हजारांचा आकडा

"नक्कल करायलाही अक्कल लागते, पोरी," परीक्षक म्हणाले.

दोन प्रोग्राम ओळीला ओळ सारखे निघाले होते. एक मयूरचा, एक शुभांगीचा. मयूर नाशिकरोडचा, नवाकोरा लॅपटॉप घेऊन आलेला. शुभांगी पेठ तालुक्यातल्या पाड्यावरची, कॉलेजच्या जुनाट कॉम्प्युटरवर काम करणारी. चोर कोण, हे सरांनी तोंडं बघूनच ठरवून टाकलं.

"सर, परवा त्यानं 'नुसता बघतो' म्हणून माझा पेनड्राइव्ह नेला होता."

"पुरावा आहे?"

पुरावा नव्हता. सरांचं पेन शून्य लिहायला टेकलं. शून्य म्हणजे प्रॅक्टिकल नापास, आणि सोमवारी कंपनीच्या मुलाखतीला बसायचं नाव नको. मयूर मान खाली घालून हसत होता. शुभांगीच्या अंगाचा तिळपापड झाला. का नाही होणार?

काम होतं लाखो आकडे चढत्या क्रमाने लावायचं. ढीग निम्मा करायचा, निम्म्याचा पुन्हा निम्मा, आणि सगळे तुकडे एकाच वेळी लावायला घ्यायचे. मेख एकच, वाटणी थांबवायची कुठे? फार बारीक वाटलं तर कामापेक्षा वाटपालाच वेळ जातो. पावशेर लसूण सोलायला दहा जणी बसवाव्यात, तसं. दोघांच्याही प्रोग्राममध्ये चार हजारांखालचा ढीग वाटायचा नाही, असं लिहिलेलं होतं.

"चार हजारच का, ते त्याला विचारा सर."

"त्यानं सगळ्यात फास्ट चालतं," मयूर म्हणाला. "माझ्या लॅपटॉपवर दहादा बघितलंय."

"मग अकराव्यांदा बघू."

तिने त्याचा लॅपटॉप पुढ्यात ओढला. चार हजाराला नऊ सेकंद लागले. तिने आकडा चाळीस हजार केला. सहा सेकंद.

मग ती कॉलेजच्या कॉम्प्युटरकडे वळली. चाळीस हजाराला एकतीस सेकंद. चार हजाराला बावीस. तिने आणखी पाच-सहा आकडे घालून दाखवले. बावीसच्या खाली एकही येईना.

सरांनी पेन उचललं. "म्हणजे?"

"हा आकडा दर मशीनला वेगळा निघतो सर. चार हजार या खटाऱ्याचा आहे. अकरा दिवस जेवणाच्या सुट्टीत इथं बसून शोधलाय मी, माझ्याकडं दुसरं मशीनच नाय."

मग ती मयूरकडे वळली.

"चोरलंस ते चोरलंस, निदान आकडा तरी स्वतःच्या लॅपटॉपचा टाकायचास!"