आवराआवर

आपल्याच आयुष्यावरच्या सिनेमाच्या सेटवर ती नावाजलेली बुद्धिबळपटू वडिलांबरोबर आली होती. तिच्या लहानपणीचं काम करणारी चिमुरडी सीनमध्ये डाव हरली आणि भराभर मोहरे डब्यात कोंबू लागली.

"अगं, सावकाश," खुर्चीतून वडील म्हणाले. "आमची पोर हरल्यावरसुद्धा एकेक मोहरा पुसून ठेवायची. जीव होता तिचा खेळावर."

दिग्दर्शकाने खूश होऊन मान डोलावली.

ती बुद्धिबळपटू पटाजवळ गेली. चिमुरडीने हळूच विचारलं, "ताई, एवढे आवडायचे तुला मोहरे?"

"डबा बंद झाला की बाबांबरोबर घरी जावं लागायचं," ती पुटपुटली.

"काय गं, काय सांगतेस तिला?" मागून वडिलांचा आवाज आला.

"काही नाही, बाबा," म्हणत तिने पटावरचा वजीर उचलला आणि पुसायला घेतला.