फिटंफाट

माईक एकदा कॅप्टनच्या हातात गेला की सहजासहजी परत येत नाही, हे सभागृहातल्या सगळ्यांना ठाऊक होतं. मंडळी खुर्च्यांत ऐसपैस रेलली. फुटबॉल क्लबनं एकही सामना न हरता करंडक आणला, त्या सीझनला चाळीस वर्षं झाली होती. तेव्हाच्या संघातले जे कोणी चालतेफिरते उरले होते, ते मंचावर बसले होते. पोटं सुटलेली, केस गेलेले, पण अंगात पुन्हा तीच निळी जर्सी.

कॅप्टनच्या शेजारी भिंत बसला होता. बचावाला तो उभा राहिला की चेंडू पुढं सरकत नसे, म्हणून हे नाव. खरं नाव क्लबात आता कुणालाच आठवत नव्हतं. उजवा पाय त्यानं सवयीनं लांब केला होता. तो गुडघा त्या सीझनच्या फायनलमध्ये गेला तो गेलाच. पुढं तो घड्याळं दुरुस्त करायला बसला. दुकानासाठी जागा कॅप्टननं मिळवून दिली आणि आपली धाकटी बहीणही त्यालाच दिली. असा मित्र मिळायला भाग्य लागतं, असं तो येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे. आताही बायको पहिल्या रांगेत बसून भावाचं भाषण ऐकत होती.

"आज एक गुपित फोडतो," कॅप्टन म्हणाला. "चाळीस वर्षं पोटात ठेवलंय. आता या वयात पोटाला तेवढं झेपत नाही."

हशा झाला.

"फायनलच्या आदल्या दिवशी डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, ह्याच्या गुडघ्याला विश्रांती दिलीत तर हा अजून कितीतरी वर्षं खेळेल. उद्या उतरवलात तर संपला. मी म्हटलं, डॉक्टरसाहेब, हे तुमच्यामाझ्यात राहू द्या. आणि ह्याला येऊन सांगितलं, अरे, नुसता मुरगळलाय. सुई घे आणि उभा राहा!"

सगळे हसले म्हणून भिंतही हसला. गोष्ट आपली आहे, तर आपण हसलंच पाहिजे, असं काहीतरी त्याच्या मनात होतं. मग ते हसू तोंडावर तसंच राहिलं. नुसता मुरगळलाय. हेच शब्द. तो बुटाची नाडी बांधत होता आणि कॅप्टननं त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता. तेव्हापासून तो नशिबाला बोल लावत आला होता.

"आणि खेळला कसा, बापरे! शेवटी शेवटी चेंडू गोलात जाणार, तोच ह्यानं रेघेवर पाय घातला. गोल वाचला, गुडघा गेला. पण करंडक आला की नाही?"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मागून कुणीतरी ओरडलं, "अहो कॅप्टन, पण गुडघ्याची भरपाई?"

"मी काय कुणाचं ठेवून घेतो होय रे?" कॅप्टन म्हणाला. "गुडघा घेतला, बहीण दिली. फिटंफाट!"

लोक हसून हसून खुर्च्यांतून पडायचे बाकी राहिले. कॅप्टननं शेजारी बसलेल्या भिंतीच्या मांडीवर जोरात थाप मारली. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते खोटं नव्हतं.

भिंतीनं पहिल्या रांगेकडं पाहिलं. बायको हसत नव्हती. मान खाली घालून पर्समध्ये काहीतरी शोधत होती.

सूत्रसंचालन करणारी मुलगी माईक घेऊन त्याच्यापुढं आली. "काका, तुमच्यासाठी तो सीझन म्हणजे काय?"

तो उठला. त्याला उठायला वेळ लागतो, म्हणून सगळे आदरानं थांबले. बोलायचं पुष्कळ होतं. समोर इतके हसरे चेहरे होते, की त्यातलं सगळ्यांत छोटं वाक्य त्यानं निवडलं.

"विसरता येत नाही," तो म्हणाला.

टाळ्या इतका वेळ वाजल्या की आणखी काही बोलायची वेळच आली नाही.

फोटोसाठी लोक खुर्च्या हलवायला लागले, तेव्हा तो हळूच बाहेर पडला. जिन्यापाशी येतो तोवर बायको मागून आलीच. नेहमीसारखी ती एक पायरी खाली उतरली आणि आधाराला खांदा पुढं केला. त्यानं हात उचलला. पण खांद्यावर ठेवला नाही, कठडा धरला.

"तुला माहीत होतं?"

"गुडघ्याचं नव्हतं हो," ती म्हणाली. "आणि मी कशाच्या बदल्यात गेले, तेही आत्ताच कळलं. तुमच्याबरोबरच."

आतून कॅप्टनची हाक आली, "अरे, भिंत कुठं गेला? बघा बघा, बायकोला घेऊन पळाला!"

दोघंही हलली नाहीत.

"मग मी पडून होतो तेव्हा दवाखान्यात यायचीस ते?" त्यानं विचारलं. "रोज संध्याकाळी, डबा घेऊन?"

खेळ सुटला, दोस्त पांगले, तरी कुणीतरी आपण होऊन आपल्यासाठी आलं होतं, एवढ्यावर त्यानं इतकी वर्षं काढली होती. ते तिलाही ठाऊक होतं.

"दादा पाठवायचा," ती म्हणाली. मग पर्स बंद करत म्हणाली, "सुरुवातीला."

सुरुवातीला म्हणजे कधीपर्यंत, हे त्याच्या अगदी ओठांवर आलं. त्यानं कठडा आणखी घट्ट धरला. ती खालच्या पायरीवर पाठमोरी उभी होती, खांदा तसाच पुढं करून.