किल्ल्यांचा आवाज

ताण कसा मोजायचा, हे लोकांना शिकवणं हाच तिचा पेशा. त्या दिवशीही एका कारखान्यात तिने सगळ्यांना शून्य ते दहापैकी आपापला आकडा लिहायला लावला. "खरं लिहा हं, स्वतःशी कसली लपवाछपवी?" असं म्हणत फळ्यावर स्वतःचा ठसठशीत 'दोन' लिहिला आणि टाळ्या घेऊन खुशीत घरी आली.

दार उघडून तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या आणि हात धुवायला वळली, तोच आतल्या खोलीतून लेकीची कुजबुज ऐकू आली.

"आजोबा, आईने आज किल्ल्या आपटल्या की ठेवल्या?"

"ठेवल्या गं बाळा. आज स्वारी खुशीत दिसतेय," सासरे हळूच म्हणाले.

तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरात आपला आकडा रोज असा दाराआडून मोजला जातो, याचा तिला पत्ताच नव्हता. तिने नळ सोडला, पण हात धुवायचे राहूनच गेले.

आतून पुन्हा लेकीचा आवाज आला.



"मग आज दाखवू का तिला, सोमवारी शाळेत पडले तेव्हा लागलेलं?"