उलट्या फेऱ्या

सासरे माझ्या वाटेत आडवे उभे राहिले, तेव्हा मी अंगणातल्या तुळशीभोवती धावत होते. घामानं डोळे चुरचुरत होते.

दिवाळीपासून आमच्या गावच्या उसात बिबट्या आहे. उजाडल्याशिवाय कोणी घराबाहेर पडत नाही, आणि उजाडलं की मला गोठा असतो, डबे असतात, शाळेतली नोकरी असते. ऐंशी किलोमीटरची शर्यत तर तोंडावर आलेली. म्हणून पहाटे इथंच पळते, वरून जाळी टाकलेल्या या अंगणात. सारखं एकाच बाजूला वळून उजवा गुडघा सुजला, तेव्हा आज दिशा बदलली.

"तुळशीला उलट्या प्रदक्षिणा घालतेस?" सासरे म्हणाले. "घरावर अरिष्ट आणशील."

"प्रदक्षिणा नाहीत अण्णा, सराव आहे. आणि अरिष्ट बाहेर उसात बसलंय. ते काही मी आणलेलं नाही."

तुळशीला पाणी घालायला सासूबाई आल्या होत्या. अण्णा त्यांच्याकडं वळले. "आता तूच समजाव हिला."

मी जागच्या जागी पाय हलवत राहिले. एकदा थांबले असते, तर पुन्हा पळू दिलं नसतं.

सासूबाईंनी आजवर अण्णांचा शब्द कधी मोडला नव्हता. त्यांनी तांब्यातलं पाणी शेवटच्या थेंबापर्यंत तुळशीत ओतलं आणि पदराला हात पुसले.

"सरका बाजूला," त्या अण्णांना म्हणाल्या. "चाळीस वर्षं मी सुलट्याच घातल्या. तरी आपलं वासरू नेलंच ना त्यानं."